सोळा वाट्या आणि एक बांगडी

मी एक रजिस्टर रिकामं करायला विसरलो आणि परदेशातल्या एका दवाखान्यात निम्म्या पेशंटांना शेंगदाणे वर्ज्य झाले, उरलेल्यांना अंडी. चूक माझी होती, भाऊजी. नाव तुमचं लागलं.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. मांडवातल्या खुर्च्या परत गेल्या, पाहुणे परत गेले, आणि हैदराबादच्या कंपनीतून व्यंकटगारूंची मेल आली. आपले मॅनेजर. कंपनीच्या अंकात तुमच्यावर एक पान छापणार आहेत. मी घरचाही आणि कामावरचाही, म्हणून मजकूर मला तपासायला पाठवला. मजकूर चांगला आहे. तुम्ही नव्या पोरांना कसं शिकवलं, तुमचं हस्ताक्षर, तुमचा राग न येणं, सगळं आहे. मधोमध एक ओळ आहे: ‘एक प्रसंग सोडला तर त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही.’ आणि मेलच्या शेवटी, तुमची तपासणीची जागा आता मला द्यायचा विचार आहे, सोमवारपर्यंत दोन्हींबद्दल कळवा, असं.

म्हणजे एकाच मेलमध्ये तुमच्या नावावर माझी चूक आणि माझ्या नावावर तुमची खुर्ची. चार दिवस मी ती मेल उघडत आणि मिटत राहिलो. शेवटी म्हटलं, तुमच्याशी बोलून घ्यावं. तुम्ही मधेच ‘थांब, थांब’ म्हणणार नाही अशी ही पहिलीच वेळ.

तुम्ही ताईचे यजमान, एवढ्या नात्यावर मला जन्मभर सांभाळायला काही बांधील नव्हतात. आदिलाबादला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा मी दोन गिऱ्हाइकांचे फोन अदलाबदल करून दिले. ते दोघं एकमेकांचे होऊ घातलेले व्याही निघाले. एकमेकांबद्दल कोणाला काय लिहिलं होतं ते दोघांनी रात्रभरात वाचलं. लग्न मोडलं, दुकानही मोडलं. सारा गाव हसत असताना तुम्ही एवढंच विचारलंत, “फोन दुरुस्त तरी झाले व्हते काय?” मी म्हटलं, एक झाला होता. तुम्ही म्हणालात, “मंग ये उद्यापासून.”

तुम्ही हैदराबादेत पंचवीस वर्षं मेनफ्रेमवर काढून नेरडीगोंड्याजवळच्या आपल्या गावी परत आला होतात. सकाळी वांग्यांच्या वावरात, दुपारपासून त्याच कंपनीसाठी लॅपटॉपवर. मेनफ्रेम म्हणजे ती अगडबंब जुन्या घराण्याची यंत्रं, ज्यांच्यावर अजून विमानं उडतात आणि दवाखाने चालतात. आणि असेंब्लर म्हणजे त्या यंत्राच्या थेट कानात बोलायची भाषा. एकेक आज्ञा, एकेक घास. मला वाटलं होतं तुम्ही मला पुस्तक द्याल. तुम्ही स्वयंपाकघरातून सोळा वाट्या आणल्यात.

तखतावर दोन ओळींत वाट्या मांडल्यात, शून्य ते पंधरा. ही रजिस्टरं, यंत्राचे हात. पलीकडे डाळी-साळींचे डबे, ती मेमरी. चिठ्ठीवर आकडा लिहायचा. डब्यातला वाटीत आणला की लोड, वाटीतला डब्यात ठेवला की स्टोअर. आणि भिंतीच्या खिळ्याला ताईची एक बांगडी. दोन आकडे ताडून पाहिले की निकाल तिथं टांगायचा: सारखे निघाले तर हिरवी, कमी तर लाल, जास्त तर पिवळी. खिळ्यावर एका वेळी एकच. पुढची आज्ञा त्या बांगडीकडे बघून ठरते. असं चालवून पाहिल्याशिवाय तुम्ही कोणाचाही प्रोग्राम पुढं जाऊ दिला नाही. तुम्ही त्याला तुमच्या वडिलांचा कचेरीतला शब्द वापरायचात, तसदीक. हैदराबादचे लोक ‘रिव्ह्यू’ म्हणायचे आणि तुम्ही फोनवर म्हणायचात, “तसदीक झाली, पाठवतो.”

ताई दारात येऊन उभी राहायची.

“आता वरन कायच्यात वाढू? तुमच्या मशीनीत?”

“पाच नंबरची घेऊन जा,” तुम्ही म्हणायचात, “ती खाली हाय.”

“खाली हाय तं धुऊन ठेवा. सोळाच्या सोळा घेता अन परत देता चवदा.”

माझा त्या घरातला सर्वात जास्त वापरलेला शब्द कोणता, तुम्हाला माहीत आहे. ‘समजलं.’ तुमचं वाक्य अर्ध्यावर असताना मी तो टाकायचो. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघायचात, गुळाचा खडा तोंडात टाकायचात आणि पुढं जायचात. तुम्हाला वाटायचं, खरंच समजलं असेल. माणसावर विश्वास टाकायची ही तुमची खोड फार महाग पडली, भाऊजी.

एका दुपारी तुम्ही मला स्कूटरवर बसवून कुंतालाच्या फाट्यावर नेलंत. धबधबा बघायला आलेल्या गाड्या हायवेवरून यायच्या आणि फाट्याशी गोंधळायच्या. एक पांढरी गाडी भरधाव पुढं निघून गेली, थांबली, आणि उलटी उलटी मागं येऊ लागली. मागून ट्रकवाले तिचा उद्धार करत होते.

“पाह्य,” तुम्ही म्हणालात, “यानं अंदाज बांधला की सरळ जावं लागते. अंदाज चुकला. आता किती वेळ गेला?”

“लय.”

“आपलं मशीनबी असंच करते. फाटा आला की बांगडी टांगाची वाट नाई पाहत. अंदाज बांधते अन पळत सुटते. चुकला अंदाज की सारं टाकून मागं. म्हणून आता नव्या मशीनींत फाटाच नको अशी सोय केली. लोड ऑन कंडिशन. वळाचंच नाई. सरळ रस्त्यानं जाता जाता बांगडीकडं पाहाचं. जुळली, तं डब्यातलं वाटीत घ्याचं. नाई जुळली, तं…”

“समजलं,” मी म्हटलं.

कारण समोरच्या टपरीवर गरम भजी निघाली होती.

वाक्याचा उरलेला तुकडा मी माझ्या डोक्यानं भरला. नाही जुळली तर वाटी रिकामी होत असणार, दुसरं काय? इतकं सरळ वाटलं की विचारायची लाज वाटली असती. तुमचा खरा तुकडा होता: नाही जुळली, तर वाटीत जे आहे ते तसंच राहतं. मधे भज्यांची एक प्लेट आली एवढंच.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या स्वयंपाकघराचा तो प्रोग्राम माझ्याकडे आला. प्रत्येक पेशंटमागे एक चिठ्ठी छापायची: याला काय चालत नाही. जुन्या प्रोग्रामात फाटेच फाटे होते. तुम्हाला चकित करायचं म्हणून मी दोन दिवसांत सगळे काढून टाकले आणि जागोजाग लोड ऑन कंडिशन बसवलं. पेशंटला काही वर्ज्य असेल तर त्याचा आकडा सातव्या वाटीत घे, मग सातव्या वाटीत जे आहे ते छाप. तपासायला दहा खोटे पेशंट बनवले. आळस इतका की एकच पेशंट दहादा उतरवला आणि फक्त वर्ज्य पदार्थ बदलला. वांगं, मासे, दूध. प्रत्येकाला काहीतरी वर्ज्य होतंच, त्यामुळे वाटी दर वेळी नव्यानं भरली. दहाच्या दहा चिठ्ठ्या बरोबर. मला माझाच हेवा वाटला.

तुम्ही तापानं फणफणला होतात. मी उशाशी येऊन सांगितलं, “सारं साफ चाललं, भाऊजी.” तुम्ही पांघरुणातून विचारलंत, “वाट्या मांडल्या व्हत्या?” मी म्हटलं, “मांडल्या.” मांडल्या नव्हत्या. ताईनं त्या दिवशी श्रीखंड केलं होतं, वाट्या तिकडे होत्या. पण तेही निमित्तच. मी मागितल्याच नाहीत. तुम्ही लॅपटॉप मागवून न वाचता तुमचं नाव टाकलंत. आयुष्यात एकदाच.

तिकडे सकाळ झाली तेव्हा इथं चहाची वेळ. तिसऱ्या खाटेवरच्या माणसाला शेंगदाणे वर्ज्य होते, त्याची चिठ्ठी बरोबर छापली. त्याच्यापुढं ज्यांना काहीच वर्ज्य नव्हतं त्यांच्यासाठी सातव्या वाटीत नवं काही आलं नाही. म्हणून वाटीत शेंगदाणे तसेच. मग एक अंडं न चालणारी बाई आली आणि तिच्यापुढचे सगळे अंड्याला मुकले. तिकडची मोठी आचारीणबाई चिठ्ठ्यांची गड्डी घेऊन डॉक्टरांकडे गेली म्हणे, की साथ कसली आलीय ते तरी सांगा.

फोनवर सगळे जमले. तिकडचे चौघं, हैदराबादहून व्यंकटगारू, खांद्यावर चादर घेतलेले तुम्ही, आणि शेजारच्या खोलीतून मी. व्यंकटगारूंनी विचारलं, हे कोणी लिहिलं. तुम्ही म्हणालात, “तपासणीला माझं नाव आहे. मी वाचलं नाही. चूक माझी.”

आता ऐका. इतकी वर्षं मी जिथं तिथं सांगत आलोय की त्या वेळी मी ‘चूक माझी, चूक माझी’ असं दोनदा म्हटलं, पण माझा माइक बंद राहिला होता. लोक पोट धरून हसतात. मीच तो किस्सा घडवलाय, दर वेळी थोडा सुधारून. तुम्हीही हसायचात. यातलं खरं एवढंच की माइक बंद होता. तो बंद आहे हे मला दिसत होतं, भाऊजी. लाल रेघ समोर होती. मी तिच्याकडे बघूनच बोललो.

तुम्हाला हे कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही माझ्या किश्श्याला हसताना गुळाचा खडा जरा जास्तच वेळ चघळायचात, एवढं मात्र मी पाहिलंय.

दोन दिवसांनी कंपनीनं त्या कामाच्या तपासणीतून तुमचं नाव काढलं. मला शिव्या देण्याचा तुमचा हक्क होता. तुम्ही दिलीत ती शिवी मी अजून जपून ठेवलीय. “कापसाच्या यार्डात ओलाव्याचं मशीन पाह्यलं ना? नवी गाडी आली अन सुई खुपसलीच नाई, तं आकडा कोन्त्या गाडीचा दिसीन? मागच्याचा. मागच्याचा ओलावा पुढच्याच्या माथी मारला तू.” बस. एवढंच. मग म्हणालात, “जाय, दुरुस्त कर.”

मी दुरुस्त केलं. 

मी म्हटलं, वाटी रिकामी करायची राहिली ना, मग करतो. जिथं बांगडी बघून लोड करायचं, त्याच्या बरोबर आधीच्या ओळीत वाटी रिकामी करणारी आज्ञा टाकली. पाच मिनिटांचं काम. चालवून पाहिलं, ज्यांना काही वर्ज्य नाही त्यांच्याच चिठ्ठ्या बघितल्या, त्या कोऱ्या छापल्या गेल्या. पाठवायच्या बटणावर बोट होतं. तुमचं त्या कामाशी आता काही देणंघेणं नव्हतं. यादीत नाव नव्हतं, पगार नव्हता, ताप पुरता उतरला नव्हता. तरी तुम्ही सोळा वाट्या मांडल्यात.

“चाल,” म्हणालात. “आकडा शून्याशी ताडून पाह्य. यायले शेंगदाने वर्ज्य. बांगडी कोन्ती?”

“पिवळी.”

“टांग. आता पुढची ओळ.”

“सातवी वाटी रिकामी.” मी वाटी उपडी केली.

तुम्ही उठलात, खिळ्यावरची पिवळी बांगडी काढलीत आणि हिरवी अडकवलीत.

“हे काऊन?”

“काऊन म्हंजे? रिकामी कराची तुही जे आज्ञा हाय, ते स्वताच हिशेब करते, वाटीतलं वाटीतूनच वजा, उरलं शून्य, अन स्वताचा निकाल टांगते. तुया ताडून पाह्यलेल्याचा निकाल गेला. आता पुढं?”

पुढं लोड होतं. बांगडी पिवळी असेल तरच. खिळ्यावर हिरवी. माझ्या प्रोग्रामात ती आता जन्मभर हिरवीच राहणार होती. वाटी रिकामी. कोणालाच काही वर्ज्य नाही.

“आता त्या तिसऱ्या खाटेवाल्याले काय वाढतीन, पक्या?” तुम्ही विचारलंत.

आवाज चढवला नाहीत.  मी त्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिलो. पहिल्या चुकीत लोकांचा नाश्ता गेला होता. या दुरुस्तीत तो माणूस गेला असता, ज्याचं नावही मला माहीत नाही. कुठल्यातरी देशात तिसऱ्या खाटेवर तो नंतर बरा होऊन घरी गेला असेल, भाऊजी. नेरडीगोंड्याजवळच्या एका तखतावर त्याच्यासाठी वाट्या मांडल्या गेल्या होत्या, हे त्याला कोण सांगणार? मी तुम्हाला ‘थँक्यू’सुद्धा म्हटलं नाही. मी म्हटलं, “समजलं.” त्या दिवशी मात्र खरंच समजलं होतं.

मग तुम्ही वाटी रिकामी करायचं ताडून पाहायच्या आधी नेलंत, आणि बांगडीला धक्का न लावता वाटीत शून्य ठेवणारी दुसरी आज्ञाही दाखवलीत. मी इतका धास्तावलो होतो की म्हटलं, हे अटीवरचं प्रकरणच नको, आपले जुने फाटे बरे. तुम्ही रागावलात तो या वाक्यावर. “चूक तुही अन शिक्षा आज्ञेले?” तुम्ही पांढऱ्या केसांचे असून नव्या आज्ञेच्या बाजूनं, आणि मी तुमच्याहून वीस वर्षांनी लहान असून जुन्याच्या. पुढं वर्षानुवर्षं आपण त्यावर भांडलो. वांग्यांना पाणी देता देता भांडलो.

शेवटचं भांडण अर्धंच राहिलं. तुम्ही आदिलाबादच्या दवाखान्यात, हाताला सलाइन. विषय स्टोअर ऑन कंडिशन, म्हणजे बांगडी जुळली तरच वाटीतलं डब्यात ठेवायचं. मी म्हणत होतो, नाही जुळली तर मशीन त्या डब्याकडे फिरकतच नाही. तुम्ही म्हणालात, तसं धरून चालू नको, ठेवायचं नसलं तरी ते झाकणाला हात लावून बघू शकतं, आणि डबा आपला नसला तर प्रोग्राम तिथंच आपटेल.

“मशीन काय पटवारी हाय काय, काम नसताना दार वाजवाले?” मी म्हटलं.

“मॉडेलवर हाय. येखादं वाजवते, येखादं नाई. आपन समजाचं की वाजवते. पुस्तकात पाह्य.”

“पाहतो. मी जितलो तं भजी तुमची.”

“अन म्या जितलो तं?”

नर्स आली आणि मला बाहेर जायला सांगितलं.

तेरावं झाल्यावर मी पुस्तक उघडलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे, अक्षरशः. मॉडेलवर अवलंबून. पान तुम्ही आधीच दुमडून ठेवलं होतं, ओळीखाली तुमच्या पेन्सिलीची रेघ. मी हरलो. फाट्यावरच्या टपरीवर गेलो, दोन प्लेट भजी घेतली, आणि मग तिथं बाकावर बसून काय करायचं ते मला सुचेना. शेवटी दोन्ही प्लेटी मीच खाल्ल्या. शोकात माणसाची भूक मरते म्हणतात. माझ्या बाबतीत तुम्ही त्यावर कधी विश्वास ठेवला नसता.

काल मी व्यंकटगारूंना उत्तर पाठवलं. लिहिलं की ती ओळ काढा. प्रोग्राम माझा, खोटं सांगणारा मी, माइक बंद ठेवणारा मी. त्या माणसानं आयुष्यात एकदाच न वाचता सही केली आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून. आणि हेही लिहिलं की दुसऱ्या वेळी, यादीतून काढल्यावर, फुकट बसून त्यांनी काय वाचवलं. तुमच्या खुर्चीचं म्हणाल तर लिहिलं, हे सगळं वाचून मग ठरवा. माझ्याच अर्जावर मी अट घातली. जुळली तर जुळली, नाही तर मी आहे तिथंच आहे. उत्तर अजून आलेलं नाही. खुर्ची गेली तर जाईल. रोज सकाळी ती ओळ उघडून बघण्यापेक्षा बरं.

मेल पाठवण्यापेक्षा अवघड काम पुढं होतं. ताई. तुमची बायको म्हणून तिनं इतकी वर्षं ऐकलंय की ‘शेंगदाण्याच्या वेळी यांचं चुकलं.’ आज दुपारी ती ओट्यावर वालाच्या शेंगा निवडत होती. मी जाऊन समोर बसलो. दोन-चार शेंगा मोडल्या. तिनं माझ्या हातातून घेऊन परत नीट मोडल्या.

“ताई, येक सांगाचं व्हतं.”

“सांग.”

“ते दवाखान्याचं… शेंगदान्याचं. ते भाऊजीचं चुकलं नव्हतं. म्या केलं व्हतं ते. त्यायनं अंगावर घेतलं.”

ती शेंगा निवडतच राहिली. मला वाटलं ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि आता रडेल. मी पाणी आणायला उठलो.

“बस खाली,” ती म्हणाली. “हे तू कवापासून सांगाचं म्हनून राह्यला?”

“तवापासून.”

“मले सांगाले भेत व्हता?”

“हाव.”

तिनं सूप बाजूला सारलं, डोळे पदरानं पुसले, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं जसं लहानपणी माझा निकाल हातात घेऊन पाहायची.

“पक्या, म्या तं त्याच दिवशी शेजारनीले सांगतलं व्हतं. येवढं बावळट काम आमच्या घरात दुसरं कोन करते?”